पेन्सिल पसंत नाही

चौथी पेन्सिल नापसंत झाली तेव्हा अंजनीने तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेतलं. पाचवीच्या वेळी जे घेतलं ते देवाचं नव्हतं.

"जाड आहे का?" तिने विचारलं.

"जाड न्हाय."

"मग बारीक आहे?"

"बारीक बी न्हाय."

"मग झालं तरी काय आप्पा तिला?"

"हातात बसंना," आप्पा म्हणाले, आणि जेवताना ताटातला खडा बाजूला काढावा तशी त्यांनी ती पेन्सिल टेबलाच्या कडेला सारली. तिथे आधीच्या चार पडलेल्या होत्याच.

आप्पा म्हणजे अंजनीचे वडील, वडगावचे जोतिबा. उभा जन्म साड्यांची नक्षी काढण्यात गेलेला. बारीक चौकटींच्या ग्राफ कागदावर एकेक चौकट पेन्सिलीने भरत काठ आणि पदर उतरवायचा, मग त्याच्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची आणि ते पुठ्ठे मागावर चढवायचे, हा त्यांचा धंदा. हल्ली हे काम कॉम्प्युटरवर होतं, पण दोन-तीन जुने मागवाले अजून "जोतिबाच्या हातचा मोर पायजे" म्हणून यायचे. उन्हाळ्यात आप्पांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय परत आला, बोलणं परत आलं. हात आला, पण अर्धामुर्धा. भात कालवण्यापुरता. कुणी प्रसाद पुढे केला की आप्पा डावा हात पुढे करायचे आणि मान खाली घालून म्हणायचे, "डाव्यानं घेतोय, रागावू नका. उजवा निकामी झालाय." अंजनीला प्रत्येक वेळी तिथून उठून जावंसं वाटायचं.

डॉक्टर म्हणाले, रोज लिहा. काय वाटेल ते लिहा, पण उजव्या हाताने. आता लाकडी पेन्सिल म्हटली की आप्पा दाबून धरणार, टोक मोडणार, आणि टोक करायला दोन्ही हात लागणार. दुसऱ्याने टोक केलेलं त्यांना चालत नव्हतं. दुसऱ्याने चावलेला घास आपण खातो का, असा त्यांचा सवाल. तेव्हा व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने सुचवलं, "काका, लेडची पेन्सिल घ्या. मागनं दाबायची की लेड पुढं येतंय. फक्त चांगल्यातली घ्या."

ती मुलगी चांगली होती, तिचं बरं होवो. पण "चांगल्यातली" या एका शब्दाने तिने त्या घराची झोप उडवली.

पहिली पेन्सिल कोपऱ्यावरच्या दुकानातली, शाळेच्या पोरी वापरतात तसली गुलाबी. लेड कटाकटा मोडलं. दुसरीला बोटांच्या जागी रबर होतं, ते म्हणे घामेजतंय. तिसरी सबंध धातूची, तिला आप्पांनी हातोडा म्हटलं. मग अंजनी उद्यमबागेत ज्या कारखान्याच्या ऑफिसात कामाला होती, तिथल्या नागेंद्रने तोंड घातलं. नागेंद्रला जगातल्या प्रत्येक वस्तूबद्दल मत होतं. "अक्का, झिरो फाईव्हचं लेड घेताय, तिथंच चुकतंय बघा. झिरो सेव्हन घ्या, टू-बी. मऊ चालतंय, मोडत न्हाई." अंजनीने झिरो सेव्हन मागवली. ऑनलाइन आली ती छान चकचकीत डबीतून, आणि आप्पांनी जुन्या पेन्सिलीचं बारीक लेड तिच्यात घालून पाहिलं. ते आत जाऊन बसलं ते टाचणीने, चिमट्याने, शेवटी शिव्यांनीसुद्धा बाहेर आलं नाही.

पाचवी आणायला तर ती रविवारी एस.टी.ने निपाणीला गेली होती. एका दुकानदाराने छातीठोक सांगितलं होतं की तसली पेन्सिल आता फक्त निपाणीत त्याच्या भावाकडे शिल्लक आहे. बसमध्ये शेजारच्या बाईने कुठे चाललीस म्हणून विचारलं. अंजनी म्हणाली, पेन्सिल आणायला. बाई जरा सरकून बसली. लोक निपाणीला तंबाखूच्या सौद्याला जातात, सोयरिकीला जातात. पेन्सिलीला जाणारी ही पहिलीच असावी.

आणि ती पेन्सिल म्हणे हातात बसंना.

"माझी स्थळं बघताना एवढी चिकित्सा केली न्हाईत कधी," अंजनी म्हणाली.

"पेन्सिलीसारखी पाच-पाच स्थळं बघितली असती तर तू अजून घरात दिसली नसतीस," चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, उभी असलेली आई म्हणाली. यशोदाबाईंचं तोंड असं होतं. त्या कुणाचीच बाजू घ्यायच्या नाहीत आणि दोघांनाही लागायचं.

हे सगळं एरवी खपून गेलं असतं. पण खंडेनवमी तोंडावर आली होती. त्या घरात खंडेनवमीला पाटावर हत्यारं मांडून पूजा व्हायची, आणि त्यात मधोमध आप्पांची पट्टी आणि पेन्सिल असायची. ज्या वर्षी मागवाल्याने धोटा पुजला नाही त्या वर्षी त्याचा धंदा मिटला, असं वडगावात समजतात. आप्पांनी आधीच सांगून टाकलं होतं, "पेन्सिल ठरली तर मांडीन. न्हाय ठरली तर मांडायचं काय न्हाय माझं." ते हे अगदी शांतपणे म्हणाले, आणि त्या शांतपणाचीच अंजनीला धास्ती बसली होती. नवमीच्या आत पेन्सिल पसंत पडली नाही तर हा माणूस स्वतःला मिटवून टाकणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

म्हणून नवमीच्या आदल्या दिवशी तिने अर्धी रजा टाकली, आप्पांना रिक्षात घातलं आणि टिळकवाडीतल्या मोठ्या स्टेशनरीच्या दुकानात नेलं. म्हटलं, नवऱ्या मुलालाच समोर बसवू.

दुकानदार भला होता. "बसा की आप्पा," म्हणून त्याने स्टूल दिलं आणि एकेक पेन्सिल काढली. काउंटरवर लिहून बघायची वही होती, तिच्यात गिऱ्हाइकांनी लिहिलेले पन्नास श्री आणि पन्नास सह्या. अंजनीने प्रत्येक पेन्सिल चालवून बघितली. सगळ्या झकास चालत होत्या. तिच्या हातात सगळ्याच चालत होत्या, आतापर्यंतच्या पाचही चालल्या होत्या. हे तिला कळत नव्हतं असं नाही. कळलेलं ती महिनाभर गिळत होती.

शेवटी दुकानदाराने काचेमागची जपानी पेन्सिल काढली. दाबलं तरी लेड मोडत नाही, आतली स्प्रिंग जोर खाते. लिहिताना लेड आपोआप फिरतं, त्यामुळे टोक एका बाजूने झिजत नाही. वजन बेताचं. बोटांच्या जागी बारीक खाचा. "इंजिनेरिंगची पोरं हीच नेतात," तो म्हणाला. "हिच्यावर पेन्सिल न्हाय आपल्याकडं."

आप्पांनी ती घेतली. बोटांत नीट धरली. वहीवर टेकवली आणि तशीच ठेवली. मागे दोन गिऱ्हाइकं उभी राहिली, एक मुलगी पुठ्ठ्याचा रोल घेऊन ताटकळली. आप्पांनी रेघ ओढलीच नाही.

"कागद बराबर न्हाय ह्यो," ते म्हणाले.

आणि अंजनीचा बांध फुटला. "पेन्सिलीत खोट न्हाई आप्पा! कागदात पण न्हाई! हातात आहे! हातात आहे खोट, किती दुकानं फिरवणार मला?"

दुकानदाराने उगाचच खोडरबरांचा डबा नीट लावायला घेतला. आप्पांनी पेन्सिल काउंटरवर ठेवली, घरंगळू नये म्हणून वहीच्या कडेला अडकवली, आणि डाव्या हाताने स्टूल धरून उठले. "चल," एवढंच म्हणाले.

ते पायरी उतरेपर्यंत अंजनीने ती पेन्सिल विकत घेतली. का घेतली ते तिचं तिला माहीत नव्हतं. रागाने घेतली म्हणावं तर डोळे भरून आले होते. रिक्षात दोघं एकमेकांकडे न बघता बसली, आणि पेन्सिल तिच्या पर्समध्ये तशीच राहिली. जीभ तोडून टाकावी असं तिला वाटत होतं.

नवमीला आईने पाट मांडला. विळी, कात्री, शिलाई मशीनचं चाक, अंजनीच्या स्कूटरची किल्ली, तिचा लॅपटॉप, आप्पांची लाकडी पट्टी. पट्टीच्या शेजारी बोटभर जागा मोकळी. झेंडूची फुलं सगळीकडे वाहून झाली, त्या जागेवर तेवढं काही नव्हतं.

"पेन्सिल आणा," आई म्हणाली.

"माझं हत्यार न्हाय काय," आप्पा म्हणाले. "तुमचं उरका."

अंजनीने पर्सकडे बघितलं. काल जे बोलली त्याच्यानंतर ती पेन्सिल कोणत्या तोंडाने बाहेर काढायची?

यशोदाबाईंनी एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा लेकीकडे. महिनाभर या दोघांच्या पेन्सिलींपायी त्यांनी टेबल पुसलं नव्हतं, दुकानदारांची नावं पाठ झाली होती, आणि आता निवद थंड होत होता. त्या फणकाऱ्याने म्हणाल्या, "हात आणा हिकडं."

"कुठला?"

"कुठला म्हंजे? ह्यो. उजवा. ठेवा पाटावर."

"काय खूळ लागलंय तुला?"

"खूळ मला? पेन्सिली छप्पन्न गावतील अवो. मोर ह्या हातानं काढलेत न्हवं? मग ह्योच पुजते. ठेवा म्हणते ना, दिवा विझंल."

आणि त्यांनी आप्पांचं मनगट धरून हात पट्टीच्या शेजारी त्या मोकळ्या जागेत ठेवलासुद्धा. मशीनच्या चाकाला लावतात तसंच हळदीचं बोट लावलं, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, वर झेंडूचं एक फूल. कौतुक नाही, डोळ्यांत पाणी नाही. हातावरचं फूल हलत होतं. "आणि पुजलेलं हत्यार उद्यापतूर वापरायचं न्हाय," आई आरतीचं ताट उचलत म्हणाली. "तुम्हीच सांगत आलाय आजवर."

नियमाला आप्पा पक्के. त्या दिवशी ते चमच्याने डाव्या हाताने जेवले. पुरणपोळीचे तुकडे आईने करून दिले, वैतागून. उजवा हात त्यांनी दिवसभर मांडीवर ठेवला होता, कुंकू पुसू नये म्हणून. अधूनमधून ते त्याच्याकडे बघत होते. निकामी म्हणून बघत होते की कसं, ते अंजनीला ओळखता आलं नाही.

दसऱ्याला सकाळी हत्यारं उठवली. आप्पांनी आंघोळ केली, टेबलाशी बसले आणि म्हणाले, "ग्राफ दे गं."

अंजनीने कागद दिला. मग पर्स उघडली आणि ती पेन्सिल कागदावर ठेवली.

आप्पांनी तिच्याकडे बघितलं. "घेतलीस व्हय?"

"घेतली."

त्यांनी मागचं बटण दोनदा दाबलं. कागदाच्या डाव्या कोपऱ्यातली पहिली चौकट धरली. जन्मभर काम तिथूनच सुरू करायचे. रेघ निघाली, चौकटीची कड ओलांडून शेजारच्या घरात गेली, तिथे अडखळली आणि कशीबशी परत आली. लेड मोडलं नाही. पेन्सिल घसरली नाही. लहान पोराने गिरगटावं तशी ती एक चौकट भरून झाली.

अंजनी वाट बघत होती. आता म्हणतील लेड फिकं आहे. म्हणतील खाचा टोचतात. म्हणा आप्पा, तिला वाटत होतं, काहीतरी म्हणा. ही पण बेकार म्हणा, मी कोल्हापूरला जाते, पुण्याला जाते.

आप्पांनी कागद डोळ्यांपाशी नेऊन ती चौकट बघितली.

"पेन्सिल चांगली हाय गं," ते म्हणाले.

हे एक वाक्य ऐकायला ती महिनाभर पायपीट करत होती, आणि ऐकलं तेव्हा तिला रडूच कोसळलं. ती पदर नसलेल्या कुडत्याच्या बाहीने नाक पुसत स्वयंपाकघरात गेली. आईने तिच्या हातात कांदे दिले, म्हणजे कुणी विचारलं तर सांगायला बरं.

ती बाहेर आली तेव्हा आप्पा तिसऱ्या चौकटीवर होते. ती दुसरीपेक्षा वाईट होती. जीभ दातांत धरून, चष्मा नाकावर घसरलेला, ते चौथीकडे निघाले होते.

संध्याकाळी गल्लीतली माणसं सोनं द्यायला आली. पहिला आला शेजारचा भरमू, आपट्याची पानं पुढे करून पाया पडायला वाकला. आप्पांनी मान वर केली नाही. डावा हात तेवढा पुढे केला.

"डाव्यानं घेतोय, रागावू नको," ते म्हणाले. "उजवा कामात हाय."