ग्लायडरमधली गळती

ती आणि तिची नणंद एकाच प्रयोगशाळेत. नणंद विभागप्रमुख, ही इंजिनीअर. "नणंद-भावजय असून एका टेबलावर जेवता?" असं लोक चेष्टेनं विचारत आणि दोघी हसत. नोकरीवर घेतलं या ताईंनीच, आणि पुढे भावासाठी हिला पसंत केलं तेही त्यांनीच.

ग्लायडरचं काम चालू ठेवायचं की नाही, हे ठरवणाऱ्या बैठकीच्या आदल्या दिवशी ताईंचा फोन आला.

"तुझा ग्लायडर गळतोय. आत पाणी शिरल्याचा इशारा आलाय. लगेच नीघ."

ग्लायडर म्हणजे माणसाएवढं लांब, पिवळं, पंख असलेलं यंत्र. समुद्रात एकटंच खालीवर करत पाण्याची मोजमापं घ्यायचं आणि वर येऊन शेपटीच्या अँटेनातून ती धाडायचं. त्याचा एकेक स्क्रू हिनं बसवलेला.

"आणि उद्याची बैठक?"

"मी आहे ना. तुझी बाजू मी मांडते."

नवऱ्यानं बॅग भरून दिली. "घाई करू नकोस, नीट काम करून ये," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जहाजावरून लाटांमध्ये ती पिवळी शेपटी दिसली. कप्तान म्हणाले, "बाई, समुद्र बरा नाही. उद्या काढू."

"उद्यापर्यंत तो बुडेल."

कठड्यावरून वाकून तिनं लांब काठीनं दोराचा फास टाकला. दोनदा हुकला, मग शेपटीत बसला. क्रेननं वर ओढताना लाट आली, ग्लायडर जहाजावर आपटला आणि एक पंख काडकन मोडला.

केबिनमध्ये तिनं तो उघडला. आत ठणठणीत कोरडं. गळती सांगणारा सेन्सरच बिघडला असेल, म्हणून तिनं ओलं बोट त्याला लावलं. लॅपटॉप लगेच वाजला. सेन्सर उत्तम होता.

तिनं जहाजावरून फोन लावला.

"ताई, आत पाण्याचा थेंब नाही."

"बैठक झाली. ग्लायडरचं काम बंद केलं. तुझी नोकरी मात्र मी राखलीये."

"इशारा आलाच नव्हता?"

"नाही. तू असतीस तर अडून बसली असतीस. हे एक काम सोडलं नसतं, तर सगळा विभागच गेला असता."

"मला सांगून तर बघायचं होतं."

"तू ऐकलं नसतंस. त्यालाही तसंच वाटलं."

"कोणाला?"

"अगं, तुझ्या नवऱ्याला. आम्ही रविवारीच बोललो होतो. तुझ्या भल्यासाठीच केलं."

तिनं फोन ठेवला. कप्तान चहा घेऊन आले. "सापडली का गळती?"

"पंख मोडलाय," ती म्हणाली. "तेवढंच."

धक्क्यावर नवरा गाडी घेऊन उभा होता. बॅग घ्यायला त्यानं हात पुढे केला.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"तू आधी शांत हो. घरी बोलू."

"रविवारी आपण दिवसभर घरातच होतो. तेव्हा बोलायचं होतंस."

ग्लायडर ट्रकवर चढवला होता. ती ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. प्रयोगशाळेत पोहोचल्यावर तिनं नवा पंख बसवला, सगळं तपासून ग्लायडर पेटीत बंद केला आणि आईकडे राहायला गेली. सोमवारी राजीनामा दिला.

"एवढ्याशा गोष्टीवरून?" नणंदेनं विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.