राखेला पुरून उरलेला मग

मी मग बोलतोय. ‘मग पुढे काय झालं?’ मधला नव्हे. चहाचा, पांढरा, कान असलेला मग. आज माझ्या अंगावर कबड्डीचा अख्खा संघ हसतोय, पण जन्मलो तेव्हा मी अगदी कोरा होतो.

भट्टीतून निघाल्यावर माझ्यावर काचेसारखा एक लेप चढवला गेला. आमचं सगळं पाणी त्या लेपातच. कागदावर छापलेलं चित्र आमच्याभोवती गुंडाळून यंत्रात तापवलं, की शाईची वाफ होते आणि लेपात शिरून मुरते. लेप नसलेल्या मगावर ती नुसती वर बसते, निघायच्या घाईतल्या पाहुण्यासारखी.

नागपूरच्या एका दुकानात मी खोक्यात पडून होतो. २००७ च्या उन्हाळ्यात चंद्रपूरच्या खुर्शीदा आपा तिथे आल्या. त्यांचा आणि धाकट्या भावाचा, सादिकचा, फोटो स्टुडिओ होता. घरोघरी डिजिटल कॅमेरे आले, रोल धुवायला कोणी येईना, म्हणून त्यांनी मगावर फोटो छापायचं यंत्र घेतलं. पण पहिल्या खेपेला बाजारातले साधेच मग वापरले. लग्नात भेट दिलेल्या मगावरचा नवरदेव पहिल्याच धुण्यात वाहून गेला! बाजारभर हसू झालं. सादिक म्हणाला, “आपा, विकून टाकू हे यंत्र.”

आपांनी ऐकलं नाही. चूक यंत्राची नाही, मगाची आहे, हे त्यांना कळलं होतं. नागपूरच्या दुकानात त्या एकेक मग उजेडात तिरपा धरायच्या, त्यावर बोट फिरवायच्या. लेपात टाचणीच्या टोकाएवढा खड्डा दिसला, की तो बाजूला. उरलेले मग कान टेकेपर्यंत काचेच्या टेबलावर गडगडवायच्या. जो डुगडुगला, त्याच्या अंगाला यंत्राचा तापणारा पट्टा सारखा बसणार नाही, म्हणून तोही बाजूला.

दुकानदार वैतागला. “बाई, मग निवडून राह्यल्या का जावई?”

“जावई बिघडला तं घरात राह्यते भाऊ,” आपा म्हणाल्या. “मग बिघडला तं बाजारभर फिरते.”

माझी पाळी आली. मी गडगडलो, आणि सरळ रेषेत गेलो. आपा हसल्या. नमुन्यासाठी घेतलेल्या मोजक्या मगांत मी होतो!

त्याच आठवड्यात स्टुडिओत संघपाल सर आले. भद्रावतीजवळच्या एका गावात ते मुलींना कबड्डी शिकवायचे. त्यांच्या मुलींनी विभागाची स्पर्धा जिंकली होती आणि गावाला प्रत्येकीला काहीतरी द्यायचं होतं. सोबत कप्तान पिंकीची आई, मीराबाई होत्या. त्यांनी मला उलटंपालटं करून पाहिलं.

“आमच्या इथी भांडे राखेनं घासतेत, बाई. टिकन का तुमचा फोटू? पोरीईचे तोंडं मोरीत वाहून गेले तं लोकं काय म्हनतीन?”

सादिकची मान खाली गेली. आपा मात्र म्हणाल्या, “घासूनच पाहा ना मीराबाई. राख तुमीच घेऊन या.”

सादिकने संघाचा फोटो कागदावर आरशातल्यासारखा उलटा छापला, कागद माझ्याभोवती ताणून चिकटवला आणि मला यंत्रात ठेवलं. पट्टा आवळला. अंगाची लाही लाही झाली. कागद सोलला, तर माझ्यावर मुली खांद्याला खांदा लावून उभ्या!

ठरल्या दिवशी मीराबाई चिंधीत राख बांधून आल्या. दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि नारळाच्या शेंडीने मला घासू लागल्या. आधी हसलेले शेजारचे दुकानदार गोळा झाले. मीराबाईंचा हात म्हणजे हात! मला वाटलं, आता कातडं सोलून निघणार. आपा दारात ओठ दाबून उभ्या होत्या.

पाणी पडलं. मीराबाईंनी मला पदराने पुसलं आणि वर धरलं.

“अवं माय! पिंकीच्या गुडघ्यावरचं खरचटलेलं बी जसंच्या तसं!”

पायरीवर एकच हशा उठला, पण हा निराळा होता. सादिक म्हणाला, “आपा, आता हेच मग आणू. सगळे हेच.”

समारंभ गावच्या विहारासमोर झाला. सगळ्या मुलींना नवेकोरे मग मिळाले. पिंकी तेवढी अडून बसली. “मले आईनं घासलेलाच पाह्यजे.” असा मी तिचा झालो.

तिचे बाबा श्रावणभाऊ कोळसा खाणीत कामाला. पोरीने हाफपँट घालून मैदानात उतरावं, हे त्यांना पटत नव्हतं. तिचा एकही सामना त्यांनी पाहिला नव्हता. समारंभातही ते पार मागे उभे होते. चहाची किटली त्यांच्यापर्यंत गेली, पण कप संपले होते. पिंकीने मला पुढे केलं.

त्यांनी मला भरून घेतलं. मला फिरवून फोटो पाहिला. मग फोटोची बाजू लोकांकडे करून चहाचा घोट घेतला.

“श्रावणभाऊ, याच्यात तुमची कोनती?” कोणीतरी विचारलं.

त्यांनी माझ्यावर बोट ठेवलं. “हे मधातली. कप्तान हाये.”

चहा संपेपर्यंत ते बोट त्यांनी तिथून काढलं नाही.

आता माझ्या काठाचा टवका उडालाय. पिंकी गावातल्या धाकट्या मुलींना खेळ शिकवते आणि मैदानाच्या कडेला मी असतो. बाबांनो, माझ्यासारख्याला काचेच्या कपाटात मात्र कोंडू नका. रोज कढत चहा ओता. आत चहा पडला, की या पोरींचे चेहरे ऊन होतात, आणि दर वेळी मला वाटतं, आत्ता या ‘कबड्डी, कबड्डी’ करत माझ्या अंगावरून धावत सुटणार!