भोकातला ळ

एका चारशे वर्षांच्या वहीत रोमन अक्षरांतली मराठी आहे. ब्राह्मण विचारतो, पाद्री उत्तर देतो.

न्यूझीलंडमधल्या टाकानिनीत ईस्टरला पानं गळतात.

कसर कागद खाताना अक्षर बघत नाही.

नगरची ख्रिस्ती दफनभूमी. शुभाच्या कबरीवर: देव मेळला आम्हांलागुनी.

हे सगळं एकाच ओळीचं आहे. वहीत 'देव मे', मग कसरीचं भोक, मग 'ला'. निवृत्त मराठी शिक्षक चंद्रशेखर यांनी तीस वर्षांपूर्वी त्या भोकात एक ळ बसवला. मेळला, म्हणजे भेटला. ब्राह्मणाने विचारलेलं असतं, तुमचा देव क्रुसावर मेला ना? त्यावर पाद्री 'मेला' म्हणाला तर वाद हरला, असं त्यांना वाटे. त्या वाचनावर त्यांचं पुस्तक उभं राहिलं. पत्नी शुभा गेली तेव्हा तीच ओळ दगडावर गेली.

आज टाकानिनीतल्या घरून दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं परत पाठवायची होती. त्यांची नात इरा हिने ग्रंथालयाकडून आलेला नवा फोटो लॅपटॉपवर मोठा केला.

"आजोबा, देअर्स नो रूम. होल इतकं छोटंय. लेटर मावणारच नाही."

"नीट बघ."

"बघितलं. हीप्स ऑफ टाइम्स."

शेजारचे पुरुषोत्तम, पुण्याहून मुलाकडे राहायला आलेले, जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, दाराशी काढून आत येत होते. त्यांनी ऐकलं.

"म्हणजे पाद्रीबुवांनी कबूलच केलं की! सर, तुमचा देव मेला. आमचा निदान चार महिने नुसता झोपतो."

इरा हसली. चंद्रशेखर हसले नाहीत.

"ब्राह्मणानेही असंच डिवचलंय," ते म्हणाले. "त्याला वाटलं, पाद्री लाजेल. तो लाजला नाही हो. लाजलो मी."

"अहो, मी गंमत केली."

"माहीत आहे. पण 'लागुनी'चा अर्थ 'ला' तसा 'साठी'सुद्धा होतो. आमच्यासाठी मेला. वर्गात शंभरदा शिकवलंय मी हे."

पुरुषोत्तम खुर्चीत बसले.

"मग आजीच्या स्टोनचं काय?" इराने विचारलं.

चंद्रशेखरांनी प्रुफातल्या 'ळ'वर तांबडी रेघ मारली. मग त्यांनी समासात स्वच्छ अक्षरात लिहिलं: देव मेला आम्हांलागुनी.

दगड कोरणाऱ्याने पहिल्यांदा 'मेला' असंच कोरून आणलं होतं, आणि चंद्रशेखरांनी त्याला अडाणी म्हणून परत पाठवलं होतं.