पावावरचा कर

साहेबांनी लाकडी पट्टी जेवणाच्या टेबलावर आपटली आणि बायकोला पुकारलं.

"अपीलकर्त्या हजर आहेत का?"

"आले, आले. हात तरी धुऊ द्या," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

कर खात्यात असताना साहेब करदात्यांच्या अपिलांची सुनावणी घ्यायचे. त्यांच्यापुढे आलेलं अपील क्वचितच तगायचं, म्हणून माघारी सगळे त्यांना फेटाळसाहेब म्हणत. ऑफिसची ही सवय त्यांनी घरीही लावून घेतली होती. पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे, शेगडी बदलायची की नाही, सगळं रीतसर सुनावणीला यायचं. बायको उभी राहून बाजू मांडायची, साहेब डोळे मिटून ऐकायचे आणि चहा झाला की निकाल द्यायचे. तरीही घरात पडदे तिच्या पसंतीचे होते, कारण निकालाची अंमलबजावणी तिच्याकडे होती.

आजचं प्रकरण मात्र तसं परस्पर निभावून नेण्यासारखं नव्हतं. साहेब निवृत्त झाले होते, सरकारी घर सोडायचं होतं आणि दारात ट्रक उभा होता. ट्रक साहेबांच्या मेहुण्याचा. तो कालपासून येऊन सामान बांधत होता. ट्रक जाणार कुठे, हे तेवढं अजून ठरायचं होतं.

साहेबांच्या बाजूने ठरलेलंच होतं म्हणा. सगळीकडचे कर पडताळून त्यांनी डोंगराच्या पायथ्याचं एक गाव काढलं होतं. बायकोला शहरात जायचं होतं, कारण तिथे लेक होती. लेक परीक्षा देऊन साहेबांच्याच खात्यात लागली होती. तिने एक दिवस राजीनामा दिला आणि शहरात जाऊन बेकरी काढली. साहेबांनी ते फार मनाला लावून घेतलं. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद होतं. आता ट्रक डोंगराकडे वळला की लेक कायमची तुटणार, ही भीती बायकोला सकाळपासून वाटत होती.

ती पदराला हात पुसत टेबलापुढे उभी राहिली. मेहुणा गुंडाळलेल्या गादीवर बसला.

"गावात घरपट्टी नावापुरती आहे," साहेबांनी सुरुवात केली. "पाणीपट्टी तर मुळीच नाही."

"भावोजी, तिथे नळच नाहीत," मेहुणा म्हणाला. "मागे एका बिऱ्हाडाचं सामान मी तिथे पोचवलं होतं. वर्षाच्या आत मीच परत आणलं."

"साक्षीदारांनी विचारल्याशिवाय बोलू नये. शहरात घरपट्टी आहे, पाणीपट्टी आहे, गाडी उभी करायला पैसे. कुत्र्यावरसुद्धा कर आहे!"

"आपल्याकडे कुठे कुत्रं आहे?" बायको म्हणाली.

"उद्या पाळलं तर?"

"पडद्यावरची पाल घालवायला मला हाक मारता. तुम्ही कुत्रं पाळणार?"

मेहुण्याने गादीत तोंड लपवलं. साहेबांनी पट्टी उगाचच सरळ केली.

"मुद्द्याचं बोला. अपीलकर्तीला आणखी काही म्हणायचंय?"

"म्हणायचं नाही. विचारायचंय," ती म्हणाली. "आज पहिला प्रश्न राहिला."

साहेबांचा चेहरा उतरला. पहिला प्रश्न त्यांनी आयुष्यात कधी चुकवला नव्हता. शेगडीच्या सुनावणीतही तो विचारला गेला होता आणि त्याचं उत्तर त्यांनी स्वतःच खणखणीत दिलं होतं. अधिकाऱ्याचा त्या प्रकरणात स्वतःचा काही हितसंबंध आहे का, हे आधी जाहीर करायचं. असेल तर त्याने निकाल द्यायचा नाही, उठायचं. इतर बाबतीत साहेब कितीही आडमुठे असले, तरी या नियमाशी त्यांनी कधी खोटेपणा केला नव्हता.

"विचारू मी?" बायको म्हणाली. "या प्रकरणात अधिकाऱ्यांचा काही हितसंबंध आहे?"

साहेब पाणी प्यायले. भांडं रिकामं झालं तरी ते ओठांनाच लावून बसले.

"रोज दुपारी गॅलरीत जाऊन फोन कुणाला करता?"

"चौकशी करतो."

"कसली?"

"पावावर कर आहे का, याची."

"आणि आहे का?"

"पावावर नाही. बिस्किटांवर आहे."

"मग त्यात रोज काय बदलतं हो?"

 मेहुण्याचं हसणं थांबलं. कालपासून गॅलरीत खोकी लावून ती आपणच अडवून ठेवली आहे, हे आता कुठे त्याच्या ध्यानात आलं.

"तिला माहीत नाही मी आहे ते," साहेब पुटपुटले. "मी आवाज बदलतो."

"सकाळी तिचा मला फोन आला होता. पावाच्या कराचे काका काल बोलले नाहीत, त्यांची तब्येत बरी आहे ना, असं विचारत होती."

साहेब तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी पट्टी उचलून बायकोसमोर सरकवली आणि खुर्चीतून उठले. पुढे काय करायचं ते नियमात नव्हतं, म्हणून नुसतेच उभे राहिले.

बायकोने पट्टीला हात लावला नाही. तिने फोन लावला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला.

"हॅलो, बेकरी," लेकीचा आवाज आला. मागे पत्र्याचे ट्रे वाजत होते.

साहेबांनी घसा खाकरला आणि आवाज जाड केला.

"तुमच्या शहरात घरपट्टी फार आहे म्हणे?"

पलीकडचे ट्रे वाजायचे थांबले.

"फार आहे, काका," लेक म्हणाली.  "पण इथे राहायला येत असाल तर बिस्किटं रोज फुकट देईन."

"फुकट दिलीस तरी कर बसतो त्यावर," साहेब म्हणाले, पण आवाज बदलायचा राहून गेला.

मेहुणा ट्रकची किल्ली शोधत जिना उतरला.