आवेलवरच्या पांढऱ्या गोळ्या

फ्रान्समधल्या लोरियाँ बंदरातून निघण्याआधी नोल्वेनने औषधांची पेटी उघडली आणि तिचं अर्धं वजन उडवलं. शर्यतीच्या बोटीवर हे पाप नव्हे, पुण्य समजतात. या लोकांनी दात घासायच्या ब्रशांचे दांडे कापले होते, पाच जणांत तीन चमचे घेतले होते आणि कप्तान गुल्वेन तर शर्टांची लेबलंसुद्धा उसवत बसला होता. नोल्वेनने खोकी फेकली, पन्न्या फोडल्या, गोळ्या पातळ पिशव्यांत भरल्या आणि वर शाईने नावं लिहिली. गुल्वेनने तिची पाठ थोपटली. तिलाही तेव्हा स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं.

अकराव्या दिवशी त्यांची बोट आवेल विषुववृत्ताजवळच्या बिनवाऱ्याच्या पट्ट्यात शिरली. खलाशी त्याला काळं मडकं म्हणतात. शिडं ओल्या चादरींसारखी लोंबत होती. मधूनच एखादी सर यायची, बोट पाच मिनिटं धावायची आणि पुन्हा ठप्प. वाऱ्याने बाजू बदलली की जादा शिडं, दोर, जेवणाच्या पिशव्या, सगळं उचलून दुसऱ्या बाजूला रचायचं, बोटीचा तोल साधायला. दिवसातून वीस वेळा ही हमाली. दर सहा तासांनी क्रमवारी यायची आणि निकाल लागल्यासारखे सगळे पडद्यावर तुटून पडायचे. आवेल सहावी होती.

त्या ओढाताणीतच एका तारेचं कुसळ तांगीच्या तळव्यात घुसलं. तांगी बावन्न वर्षांचा, बोटीवर सगळ्यांत मोठा, नोल्वेनच्या वडिलांचा जुना सोबती. दोराची पहिली गाठ तिला त्यानेच शिकवलेली. त्याने कुसळ दातांनी उपटलं, थुंकला आणि कामाला लागला. तिसऱ्या दिवशी हात पावासारखा फुगला, लाल रेघ कोपराच्या वर चढली आणि अंग तापाने फणफणलं.

सॅटेलाइट फोनवर किनाऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, अँटिबायोटिक ताबडतोब सुरू करा, पण पेनिसिलिन चुकूनही नको. पूर्वी एकदा त्याच गोळीने तांगीचा श्वास अडकला होता, तशी त्याच्या कागदांवर नोंद होती. पेटीत दोन्ही जाती होत्या, पेनिसिलिनची आणि तांगीला चालणारी. नोल्वेनने पेटी उघडली तर तळाशी पाणी झिरपलेलं. पिशव्यांवरच्या शाईचे नुसते निळे डाग उरले होते. दोन पिशव्या, दोन्हींत सारख्याच लांबट पांढऱ्या गोळ्या, ओलीने अंगावरची अक्षरंही गेलेली. तिने फोटो पाठवले. बाई म्हणाल्या, यावरून मला ओळखता येत नाही, अंदाजाने देऊ नका, हात शेकत राहा, पाणी पाजत राहा. मदतीला वळवलेलं सगळ्यांत जवळचं मालवाहू जहाज तीस तासांवर होतं. गुल्वेनने इंजिनाच्या टाकीत डोकावून पाहिलं. वजन नको म्हणून इंधन जेमतेम बॅटऱ्या चार्ज करण्यापुरतं घेतलं होतं; जहाजाला अर्ध्या वाटेत गाठणंही शक्य नव्हतं.

करण्यासारखं काहीच नव्हतं. नोल्वेन फडकं गरम पाण्यात बुडवायची, पिळायची, हातावर ठेवायची. रेघ वर सरकतच होती.

“एक दे त्यातली,” तांगी म्हणाला. “कुठलीही. दोनांत एक, डाव काही वाईट नाही.”

“नाही देणार, काका.”

“हात माझा, नरडं माझं. तुझं काय जातंय?”

“माझ्या हाताने देऊ आणि मग तुझा श्वास अडकलेला बघत बसू? नाही जमणार मला.”

“बरं, मग एवढं तोंड पाडू नकोस. बंदरावर आम्ही सगळेच दात काढत होतो की. असं होईल हे आमच्यातल्या एकाला तरी सुचलं का?”

तिला त्याने शिव्या घातलेल्या चालल्या असत्या. हे बोलणं मात्र तिला सोसवेना. ती रडली आणि रडता रडता फडकं पिळत राहिली.

जहाज आलं तेव्हा तांगी बरळत होता. दोरांना बांधलेल्या झोळीतून त्याला वर चढवला. त्याने कुणाला ओळखलं नाही.

त्याच दिवशी दुपारी वारा आला. पुढचे तीन दिवस नोल्वेन सुकाणू सोडायला तयार नव्हती. चौथ्या दिवशी गुल्वेनने आत बसून दोन संदेश वाचून दाखवले. तांगी जगेल, किनाऱ्यावरच्या इस्पितळात उजवा हात मात्र खांद्यापासून काढावा लागला. आणि आवेल तिसरी आहे. दोन्ही त्याने एकाच आवाजात वाचले, कारण दुसरा आवाज कुठून आणायचा हे त्यालाही कळत नव्हतं. बोट एवढी कशी पळतेय, हे कुणी विचारलं नाही. चौऱ्याऐंशी किलोंचा माणूस उतरला होता. पहिल्या झुळकीलाच नोल्वेनच्या मनगटांना बोट हलकी लागली होती, आणि त्या क्षणी, तांगीची आठवण यायच्या आधी, तिला बरं वाटलं होतं.