पाण्टेलिसने निजवलेले बॉम्ब

मी एक जुनी ग्रीक युद्धनौका आहे, शत्रूच्या पाणबुड्यांच्या मागे लागणारी विनाशिका. माझं नाव मेल्टेमी. मित्रांनो, माझा जन्म इटलीतल्या गोदीत झाला. पुढे युद्ध पेटलं आणि त्याच इटलीच्या पाणबुड्यांमागे मी धावू लागले. नशिबाचे खेळ, दुसरं काय! धान्याची जहाजं मी सुखरूप पोहोचवली की पिरेयस बंदराच्या धक्क्यावरच्या बाया माझ्याकडे बघून छातीवर क्रूस काढायच्या. मी अगदी फुगून जायचे.

माझ्या मागच्या टोकाला पिंपाएवढे बॉम्ब असत. पाण्यात ठरलेल्या खोलीवर गेले की ते आपोआप फुटत. ते सांभाळायचं काम पाण्टेलिसचं. तो सगळ्यांना सांगे, "बाबांनो, जहाज बुडायला लागलं तर आधी यांच्यावरच्या खुंट्या फिरवून यांना निजवायचं. नाहीतर हे जहाजाबरोबर खाली जाऊन फुटतील आणि वर पोहणारे आपलेच लोक मरतील. या, शिकवतो."

"थू थू थू!" आचारी फोटिस थुंकायचा. "सकाळी सकाळी बुडायच्या गोष्टी काय करतोस रे? जीभ झडो तुझी!"

बाकीचेही थुंकून पांगत. दर्यावर बुडण्याचं नाव काढणं म्हणजे अपशकुन. कोणीच शिकलं नाही.

एका दुपारी शत्रूची विमानं आली आणि माझं पोट फाटलं. जहाज सोडायचा हुकूम झाला, धडाधड उड्या पडल्या. मागून पाणी चढत होतं, बॉम्ब अजून जागे होते आणि माझीच माणसं माझ्याभोवती पोहत होती. इतकी भीती मला शत्रूचीही कधी वाटली नव्हती.

पाण्टेलिस एकटाच खुंट्या फिरवत होता. फोटिस धावत आला. "मला दाखव! दोघं मिळून करू!"

"आता शिकवू तुला? उलटी फिरवलीस तर सगळे जातील. पोहत लांब जा!"

"अरे, पण तू?"

"जा म्हणतो ना, गाढवा!" त्याने फोटिसला पाण्यात ढकलूनच दिलं.

पाणी गुडघ्यापर्यंत आलं, मग छातीपर्यंत. शेवटच्या बॉम्बसाठी त्याने बुडी मारली. त्याची बोटं मला जाणवत होती. खुंटी फिरली.

मी श्वास रोखून खाली गेले. एकही बॉम्ब फुटला नाही. पोहणारे सगळे वाचले, पाण्टेलिस मात्र माझ्याबरोबरच राहिला.

मित्रांनो, मी गंजले त्याचं सोडा, लोखंड गंजणारच. पण तुमच्यातही कोणी पाण्टेलिस असेल, आग लागली तर काय करायचं ते सांगत फिरणारा. त्याला झिडकारू नका, त्याच्याजवळ बसून शिकून घ्या. त्या दुपारी आणखी दोन हात शिकलेले असते, तर पाण्टेलिस घरी गेला असता हो!