आईचा पुसट फोटो

'मीट गं डोळा, उघड गं डोळा,
कण जाईल, पाणी गोळा!'

लहानपणी डोळ्यात काही गेलं की आई रुमालाच्या टोकावर फुंकर घालत हे म्हणायची. निम्मा डोळा तर तिच्या आवाजानेच बरा व्हायचा.

त्या लेकीला आता डोळ्यांच्या दवाखान्यात सगळे 'फोटोवाली' म्हणत. डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो काढणं हे तिचं काम. मशीन दुरुस्त होऊन आलं की पहिला फोटो आईचा, असा तिचा शिरस्ता. बोहनीच म्हणा ना! त्यामुळे आईच्या डोळ्यांचे सात वर्षांचे फोटो तिच्यापाशी साठले होते.

दवाखान्यात एक अभ्यास चालला होता. हा पडदा पातळ होत गेला, तर त्यावरून विसरण्याचा आजार आधीच हेरता येतो का, याचा. गेल्या वर्षी आईच्या फोटोवर मशीनने लाल खूण केली. ते काही निदान नव्हे. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, एवढाच तिचा अर्थ. पण फोटोवालीने तो फोटो कुणाला दाखवलाच नाही. शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिलं, 'पुसट. बाद.' बाद फोटो डॉक्टरांपर्यंत जातच नाही.

पुढे आई दूध उतू घालवू लागली, एकच निरोप मावशीला तीनतीनदा सांगू लागली. लेक म्हणायची, "नंबर वाढलाय तुझा." वर्षात तीन चष्मे झाले.

आज आई चौथ्यासाठी आली. मशीनही दुरुस्त होऊन आलं होतं, तेव्हा पहिला फोटो तिचाच. मशीनवर हनुवटी टेकवत म्हणाली, "तुझ्या चष्म्यांनी नाक झिजलं गं माझं! काल घराकडे वळायचा कोपराच दिसेना. शेवटी औषधवाल्याने आणून सोडलं. मेली नजरच फितूर!"

"हलू नकोस, आई."

"मी कुठे हलतेय? तूच मघापासून बटणाशी घुटमळतेयस."

फोटो लख्ख आला. लाल खूणही.

लेक फोटोवरून नजर काढेना, तेव्हा आईच तिची समजूत घालू लागली. "दोष माझ्या डोळ्यांचा, तू काय करणार? किती जीव टाकतेस माझ्यावर!"

आईने चार शिव्या हासडल्या असत्या, तर लेकीला सोसल्या असत्या. तिने मशीन बंद केलं, स्टूल पुढे ओढलं आणि आईचे दोन्ही हात धरले.

"आई, नजर चांगली आहे तुझी. चष्मे मी उगाच करवले. गेल्या वर्षीचा फोटो पुसट नव्हता गं. विसरण्याचा आजार असू शकतो, डॉक्टरांना दाखवा, असं मशीनने तेव्हाच सांगितलं होतं. मी घाबरले आणि पुसट म्हणून लिहून टाकलं. तुझं एक अख्खं वर्ष गेलं, आई. मी घालवलं."